कुरिअरने स्फटिक, पोर्टलवर डेटा: ग्रेनोबलच्या मासिफ-१ चा अनुभव

निकाल आधी सांगते, कारणं नंतर. प्रथिनांचे स्फटिक भरपूर असतील, वेडेवाकडे असतील आणि त्यातला कुठला चालेल याचा काही नेम नसेल, तर फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनवरची (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) मासिफ-१ ही बीमलाइन, म्हणजे त्या किरणांनी स्फटिकांतून प्रथिनांची रचना शोधायचं ठाणं, डोळे झाकून निवडा. स्फटिक मोजकेच असतील, एकेकावर जीव जडला असेल किंवा क्ष-किरणांची तरंगलांबी बदलून बघायची असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. एवढं कळून ज्यांचं काम भागतं त्यांनी खुशाल इथे थांबावं.

मी पुण्यात क्षयाच्या जंतूंमधल्या एन्झाइम्सच्या रचनांवर काम करते. आमच्या लॅबचे स्फटिक ग्रेनोबलला जायला लागून बरीच वर्षं झाली. तिथली बीएम-१४ ही बीमलाइन काही काळ ईएसआरएफ, ईएमबीएल (युरोपची रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा) आणि आपला जैवतंत्रज्ञान विभाग मिळून चालवत होते, तेव्हापासूनचं हे येणंजाणं. पुढे फरिदाबादच्या रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीमार्फत भारतीय गटांना तिथे बीमटाइम, म्हणजे किरण वापरायचा वेळ, मिळायला लागला आणि आमचे स्फटिक रोबोच्या हाती गेले. बाजारातल्या वस्तूचं परीक्षण करतात तसं या सेवेचं करायला काय हरकत आहे, असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे. नवीन लॅब सुरू करणाऱ्यांकडून "पाठवू का?" अशी विचारणा सारखी होते, त्यांना एकदाच उत्तर मिळेल.

हाताने लूप (स्फटिक धरणारा बारीक फास) लावायचा जमाना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. शिशाच्या भिंतींच्या खोलीत, म्हणजे हचमध्ये जायचं. चिमट्याने द्रव नायट्रोजनमधला स्फटिक उचलून गोनिओमीटरच्या (स्फटिक किरणांत धरून फिरवणारं यंत्र) चुंबकावर ठेवायचा, तोही १०० केल्विनच्या थंड झोताखालून क्षणभरही न हलवता. मग पडद्यावर बघत तो केंद्रात आणायचा, खोलीत कुणी राहिलं नाही ना याची फेरी मारून सर्चची बटणं दाबायची, दार लावायचं, इंटरलॉक (सुरक्षा-कुलूप) लागायची वाट बघायची आणि मग कुठे शटर उघडायचं. स्फटिक बेकार निघाला की पुन्हा पहिल्यापासून. एका डेटासेटला, म्हणजे एका स्फटिकाच्या सगळ्या चित्रांना, अर्धा-पाऊण तास लागायचा तोवर या येरझाऱ्या कुणाला खुपल्या नाहीत. २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्विस लाइट सोर्सवर पिलॅटस ६एम डिटेक्टर आला आणि सगळं गणितच उलटं झालं. एक चित्र वाचून घ्यायला त्याला मिलिसेकंद पुरतात. पुढे पुढे तर आख्खा डेटासेट मिनिटा-दोन मिनिटांत मिळायला लागला आणि दार उघडायला-लावायलाच त्याहून जास्त वेळ जाऊ लागला. रोबोची गरज खरी इथे भासली.

अर्थात रोबो त्याआधीच आले होते. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या एसएसआरएल सिंक्रोट्रॉनवाल्यांनी कारखान्यात सुटे भाग उचलणारा एप्सनचा छोटा रोबो घेऊन त्याला स्फटिक उचलायला शिकवलं, त्याचं वर्णन २००२ मध्येच छापून आलं. त्यांच्या एका कॅसेटमध्ये ९६ पिना बसतात, प्रत्येकीवर एक स्फटिक. त्यानंतर जगभरच्या सिंक्रोट्रॉनांवर सँपल चेंजर आले. पण यातल्या बहुतेकांसमोर माणूस बसलेला असतोच. कुठला स्फटिक चढवायचा, किरण नेमके कुठे टाकायचे, किती अंश फिरवायचं, हे तो ठरवतो आणि रोबो फक्त उचल-ठेव करतो. २०१४ मध्ये वापरात आलेल्या मासिफ-१ ने समोरच्या त्या माणसालाही घरी पाठवलं. तिचं वेगळेपण हेच.

आता पुण्यातली बाजू. रोबोला काय आवडतं हे आपल्याला शिकावं लागतं, त्याला आपल्या सवयींशी काही देणंघेणं नसतं. स्फटिक नायलॉनच्या किंवा पॉलिमरच्या फासात, म्हणजे लूपमध्ये उचलायचा. लूप पिनेच्या टोकाला, पिन चुंबकीय बुडात आणि बुडावर चौकोनी ठिपक्यांचा कोड. या पिना ज्यात बसतात तो पक. आकार थेट आप्पेपात्राचा, फक्त खाचा सोळा आणि सगळं काम लिक्विड नायट्रोजनच्या आत. (युरोपात दहा खाचांचा स्पाइन पकही चालतो, पण आम्ही सोळावालाच घेतो, कारण तो जगात बहुतेक सगळीकडे चालतो.) लूपमधला स्फटिक ग्लिसरॉलमध्ये बुडवून, नायट्रोजनमध्ये गोठवून त्याच्या खाचेत सोडायचा. सोळा झाले की झाकण. झाकण बसताना येणारा टक आवाज कानाला सवयीचा होतो. तो आला नाही तर एखादी पिन वर राहिली आहे असं समजा आणि पक मुळीच पुढे पाठवू नका. वर राहिलेली पिन म्हणजे रोबोच्या वाटेत पाय घालणंच. तो अडखळतो, थांबतो आणि तिकडे कुणाला तरी उठून जावं लागतं.

यात सगळ्यात मोठा शत्रू कोण असेल तर पुण्याचा पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये फोमच्या भांड्यात नायट्रोजन ओतला की थोड्याच वेळात वर पांढरा भुगा तरंगायला लागतो. तो हवेतल्या पाण्याचा बर्फ. हा भुगा लूपला चिकटला की दोन गोष्टी होतात. एक तर कॅमेऱ्याला लूपचा आकार नीट ओळखता येत नाही. दुसरं, डेटामध्ये ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवर (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) बर्फाची ती ओळखीची वर्तुळं उमटतात, जी बघून आमच्याकडे कुणी ना कुणी "गेला!" असं म्हणतंच. उपाय साधेच आहेत. खोली बंद करून डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू ठेवायचा. प्रत्येक चिमटा वापरून झाला की हेअर ड्रायरने खडखडीत वाळवायचा. नायट्रोजनला ढगाळपणा आला की जीव न जाळता तो सरळ ओतून द्यायचा. आणि शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. आमच्या लॅबमध्ये नियमच आहे: प्रस्ताव कधीही मंजूर होवो, पक थंडीतच भरायचे.

भरलेले पक ड्राय शिपरमध्ये, म्हणजे थंड वाहतुकीच्या पेटीत, जातात. सीएक्स-१०० नावाचा जो शिपर सगळे वापरतात त्यात सात पक बसतात, म्हणजे ११२ स्फटिक. आतलं सच्छिद्र अस्तर नायट्रोजन शोषून घेतं, सुटा द्रव पूर्ण ओतून टाकायचा. सुटा द्रव नसल्यामुळेच विमानवाहतुकीच्या नियमांत तो धोकादायक माल धरला जात नाही. मात्र हे कागदावर लिहून, कागद शिपरच्या कानाला बांधून, पुन्हा फोनवर तोंडी सांगावं लागतं. विमानतळावरच्या तपासणीतल्या क्ष-किरणांनी स्फटिक खराब होतील का, असं विद्यार्थी हमखास विचारतात. नाही होत. सिंक्रोट्रॉनच्या मानाने तो डोस किरकोळ आहे.

खराब होतात ते शिपर आडवा पडल्याने. उभा असताना तो कितीतरी दिवस थंड राहतो, आडवा केला की थंडी भराभर निसटते. एका कुरिअर कंपनीने (नाव लिहीत नाही, पण पुण्यातल्या लॅबवाल्यांना अंदाज येईल) आमचा शिपर लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये गोदामात आडवा टाकला होता. आत ठेवलेल्या छोट्या तापमान-नोंदणी यंत्राने नंतर सगळी कहाणी सांगितली. आलेख वर चढत गेला आणि त्याबरोबर एका विद्यार्थिनीची कित्येक महिन्यांची मेहनत वितळली. भरपाई मागितली तर फॉर्मवर मालाची किंमत काय लिहिली होती ते बघा म्हणाले. प्रथिनाच्या स्फटिकाची किंमत काय लिहिणार, कपाळ? तेव्हापासून पाठवलेले वितळले तरी चालावं म्हणून आम्ही तसेच दुसरे स्फटिक इकडे राखून ठेवतो आणि शिपर पाठवण्याआधी त्याचं वजन करतो. तिकडे पोचल्यावरचं वजन विचारून घेतलं की वाटेत किती नायट्रोजन उडाला ते लगेच कळतं.

कागदी काम ईएसआरएफच्या पोर्टलवर चालतं. प्रत्येक पिनेची नोंद करायची, प्रथिनाचं लघुनाव आधी सुरक्षा विभागाने मान्य केलेलं असलं पाहिजे आणि प्रत्येक स्फटिकापुढे त्याच्याशी काय करायचं ते लिहायचं. मासिफ-१ ची सगळी किल्ली या शेवटच्या रकान्यात आहे. फक्त तपासून गुण द्यायचे की पूर्ण डेटा घ्यायचा, किती रिझोल्यूशन (अँगस्ट्रॉममध्ये; आकडा लहान तितका तपशील जास्त) अपेक्षित आहे, किरणांचा झोत किती रुंद हवा, हे तिथे आधीच सांगून टाकायचं. नंतर खिडकीतून डोकावून "थांबा, थांबा" म्हणता येत नाही. पहिल्यांदा पाठवणारे हे रकाने रिकामे सोडतात. मग रोबो त्याच्या नेहमीच्या रीतीने काम करतो आणि हे लोक तक्रार करत बसतात.

पुढचं सगळं यंत्राचं. ही बीमलाइन उभारली तेव्हा तिच्यासाठी रोबोडिफ नावाची खास व्यवस्था केली होती. सहा सांध्यांचा एकच यांत्रिक हात, तोच ड्युअरमधून (द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून) पिन उचलायचा आणि तोच ती क्ष-किरणांत धरून फिरवायचा. एरवी रोबो पिन गोनिओमीटरच्या हवाली करतो, इथे देवाणघेवाणच नव्हती. पिन आली की आधी कॅमेऱ्यातून लूप शोधला जातो. मग त्या आख्ख्या लूपवर जाळीसारखे बारीक बारीक, कमी तीव्रतेचे क्ष-किरण टाकले जातात आणि प्रत्येक चौकटीतल्या विवर्तनाला, म्हणजे स्फटिकाने विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांना, गुण दिले जातात. जिथे गुण सगळ्यात जास्त तो भाग केंद्रात. मग वेगवेगळ्या कोनांतून चारेक नमुनाचित्रं, त्यावरून किती अंश आणि किती वेळ याचा हिशोब, मग डेटा आणि त्यामागोमाग तीन-चार वेगवेगळ्या सॉफ्टवेअर-साखळ्यांतून प्रक्रिया. ग्रेनोबल आपल्या साडेतीन तास मागे (हिवाळ्यात साडेचार), त्यामुळे त्यांची रात्र सरेपर्यंत आपण लॅबमध्ये पोचलेलो असतो. पोर्टल उघडलं की एकेका पिनेपुढे हिरवे-लाल खुणेचे ठिपके, जाळीचा नकाशा आणि पुढे स्पेस ग्रुप (स्फटिकातल्या मांडणीची सममिती), रिझोल्यूशन, आर-मर्ज (मोजमापं आपसांत किती जुळतात त्याचा आकडा).

जाळीचा तो नकाशा नीट बघा, सगळी गंमत त्यात आहे. आमच्या एका एन्झाइमचे दोन प्रकारचे स्फटिक मिळत होते. एक चकचकीत, धारदार कडांचे, मायक्रोस्कोपखाली बघत राहावंसं वाटावं असे. दुसरे चपटे, एकमेकांवर चिकटलेल्या पत्र्यांसारखे, तडे गेलेले. सिंक्रोट्रॉनवर स्वतः जायचो तेव्हा वेळ मोजून मिळायचा, म्हणून नेहमी देखणेच चढवायचो. ते सहा-सात अँगस्ट्रॉमच्या पुढे कधी गेले नाहीत. एकदा पक भरताना खाचा उरल्या म्हणून त्यात पत्र्याचे चिकटलेले तुकडे टाकले. नकाशात दिसलं की त्या जंजाळातला एका कोपऱ्यातला, पंधरा-वीस मायक्रॉनचा तुकडा जोरदार विवर्तन देतोय आणि बाकी सगळं निव्वळ गोंधळ आहे. रोबोने नेमकं त्याच कोपऱ्यात केंद्र धरलं होतं. डेटा अडीच अँगस्ट्रॉमच्या आत आला. पडद्यावर बघून कुठल्याही माणसाने, अगदी मीसुद्धा, तिथे किरण टाकले नसते, कारण दिसायला तो कोपरा कचराच होता.

म्हणून रोबोचा वेग हा त्याचा मोठा गुण आहे असं मला वाटत नाही. पहाटे तीनला बीमलाइनवर बसलेला थकलेला माणूस सत्तराव्या स्फटिकाला म्हणतो, "जाऊ दे, हा तसाच दिसतोय." रोबो तसं म्हणत नाही. एकशे बाराव्या पिनेलाही तो पहिलीइतकंच निरखतो. आणि ज्या प्रथिनांचे स्फटिक लहरी असतात (आमच्या क्षेत्रात जवळपास सगळ्यांचेच), तिथे एकाच थेंबातले दोन शेजारीही सारखं वागत नाहीत. तपासलेले स्फटिक दसपट झाले की नशिबाचा भाग तेवढा कमी होतो.

आता जे आवडलं नाही ते. तरंगलांबी ठरलेली आहे, सुमारे ०.९७ अँगस्ट्रॉम. ती सेलेनियमच्या शोषणकडेच्या (जिथे अणू क्ष-किरण एकदम जास्त शोषतो ती ऊर्जा) जरा वरच्या ऊर्जेची असल्यामुळे सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) घातलेल्या प्रथिनांवर एकाच तरंगलांबीवर मोजून फेजिंग करायची, म्हणजे रचना सोडवायला लागणारी किरणांची कला शोधायची, सॅड पद्धत चालते, पण कडेच्या अलीकडे-पलीकडे तीन ठिकाणी मोजून करायची मॅड पद्धत विसरा. झिंक किंवा लोहाच्या कडेवर खास संकेत हवा असेल तर दुसरी, तरंगलांबी बदलता येणारी बीमलाइन मागा. थंड झोत क्षणभर अडवून स्फटिकाला पुन्हा गोठवून बघायचं, हा जुन्या मंडळींचा हातखंडा प्रयोग या ठरलेल्या कार्यपद्धतीत बसत नाही. स्फटिक दोनच असतील आणि दोन वर्षांत तेवढेच मिळाले असतील, तर ते असे पेटीत घालून पाठवायला माझं मन धजत नाही. तिथे माणूस समोर बसलेला बरा, निदान रिमोटने तरी.

आणि एक कुरकुर जी यंत्राची म्हणता येणार नाही. आमच्याकडे आता पीएचडी संपत आलेली मुलं आहेत ज्यांनी एकही स्फटिक स्वतः केंद्रात आणलेला नाही. त्यांना आर-मर्ज वाचता येतं, पण पहिल्या दोन चित्रांवरून "हा जुळा आहे" (म्हणजे दोन स्फटिक एकात गुंतलेले) किंवा "याची एक बाजू फार लांब आहे" असं ओळखायची नजर नाही. त्यांना आम्ही मुद्दाम इंदूरला पाठवतो. राजा रामण्णा केंद्राच्या इंडस-२ वर बीएआरसीने उभारलेली पीएक्स-बीएल-२१ बीमलाइन आहे, तिथे जाऊन हात काळे केल्याशिवाय प्रबंधाला सही नाही असं माझं धोरण आहे. मुलं वैतागतात. वैतागू देत. इंडस-२ हे अडीच जीईव्हीचं (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं एकक) यंत्र, ईएसआरएफ सहा जीईव्हीचं. तीव्रतेची तुलनाच नको, पण शिकायला मंद किरण जास्त चांगले, कारण विचार करायला वेळ मिळतो.

खर्चाचं विचाराल तर शैक्षणिक प्रस्ताव छाननीतून मंजूर झाला की बीमटाइमचे पैसे पडत नाहीत, मात्र निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतात. औषध कंपन्यांना काम गुपित ठेवायचं असेल तर ते पैसे मोजतात. आपल्या खिशाला लागतो तो शिपर, पक, पिना आणि कुरिअर. एकदाच मोठा खर्च, नंतर कुरिअरचा चटका दर वेळी. शेजारच्या दोन-तीन लॅबनी मिळून एक शिपर भरला तर तो चटका वाटून जातो. पुण्यात हे सहज जमण्यासारखं आहे. आम्ही करतो. फक्त कुठला पक कुणाचा ते पकच्या कोरीव क्रमांकाने लिहून ठेवा, स्केचपेनची अक्षरं नायट्रोजनमध्ये टिकत नाहीत.

ज्यांना शेकडो रेणू एका प्रथिनावर बसवून बघायचे आहेत त्यांनी मासिफबरोबरच इंग्लंडमधल्या डायमंड सिंक्रोट्रॉनच्या एक्सकेम या सेवेचाही विचार करावा. तिथे स्फटिक भिजवण्यापासूनची व्यवस्था जागेवरच आहे. कोविडच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमवर) २०२० मध्ये तिथेच मोठी चाळणी झाली. ग्रेनोबलमध्येच ईएमबीएलने क्रिस्टलडायरेक्ट नावाची पद्धत काढली आहे. त्यात स्फटिक पातळ फिल्मवर वाढवतात, लेझर त्याच्याभोवतीची फिल्म कापतो आणि यंत्रच तो तुकडा पिनेवर घेतं. म्हणजे लूपने स्फटिक मासेमारीसारखे काढायचं कामही गेलं. ते मी स्वतः वापरलेलं नाही, म्हणून गुण देत नाही. पण लूपने काढताना डाव्या हाताला येणारा कंप आठवला की मला त्याचा मोह होतो.

माझे गुण: तपासणीसाठी पाचपैकी पाच, अवघड फेजिंगसाठी दोन, आणि मुंबई विमानतळ ते ग्रेनोबल या टप्प्यासाठी, जो त्यांच्या हातात नाही, एक.

पहिल्यांदा पाठवत असाल तर पिनांची खरेदी जपून करा. स्पाइन या युरोपातल्या मानकाप्रमाणे बुडापासून स्फटिकापर्यंतची लांबी २२ मिलिमीटर हवी. लूप पिनेत सैल बसला आणि वर-खाली सरकला की कॅमेरा त्याला भलतीकडेच शोधतो. आलेल्या पाकिटातल्या चार-दोन पिना पट्टीवर मोजून बघा, लूप खेचून बघा, हलत असेल तर सुपर ग्लूचा एक ठिपका लावून रात्रभर वाळू द्या. आणि शिपर शक्यतो सोमवारी रवाना करा, म्हणजे शनिवार-रविवार तो कुठल्याच गोदामात अडकून पडणार नाही.